ठाणे की ट्रान्सहार्बर (ठाणे-नवी मुंबई लोकल) पट्टा? तयार वस्तीत, स्टेशनजवळ, ८० लाखांत घर, सल्ला हवाय

भाड्याचं_घर :
नमस्कार मंडळी. घर शोधतोय आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे टाकतोय. घरात चौघं, मी, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई. आईचे गुडघे गेलेत. सध्या डोंबिवलीत भाड्याने. बायको ऐरोलीला आयटी पार्कात, आठवड्याला तीन दिवस ऑफिस, मी परळला, रोज. बजेट ८० लाख आणि त्यात स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, दलाल, रंगरंगोटी सगळं आलं, त्याच्या वर जाता येत नाही कारण मग ईएमआय आणि मुलीची शाळा एकत्र बसत नाही.

टॉवर नकोच असं नाही, पण वस्ती तयार हवी. खाली उतरलं की दूध, भाजी, डॉक्टर, मेडिकल, आणि स्टेशनला चालत जाता यावं. स्विमिंग पूल नसला तरी चालेल, आईला बसायला कट्टा असला की बास. मोठा १ बीएचके किंवा जुना २ बीएचके, रीसेल. आत्तापर्यंत कळवा, कोपरखैरणे, घणसोली, लोकमान्य नगर आणि घोडबंदरचे टॉवर एवढं बघून झालंय. प्रत्येक दलाल "सर, मेट्रो येतेय" म्हणतो. या भागांत खरंच राहणारं कोणी असेल तर सांगा.

चहा_साखर_कमी :
डोंबिवलीतच का नाही घेत? तेवढ्या पैशात दोन बेडरूम आणि वर बाल्कनी येईल.

भाड्याचं_घर :
येईल हो. पण सकाळी डोंबिवलीहून गाडीत घुसायचं आणि ठाण्याला उतरून त्या गर्दीतून जिने चढून दहा नंबरला ट्रान्सहार्बर पकडायची हे बायको करतेय, मी नाही. तिने सांगितलंय, घर कुठेही घे, दिवा स्टेशनच्या पुढे नको. विषय संपला.

घोडबंदर_रिटर्न :
घोडबंदरबद्दल मी सांगतो, कासारवडवलीला भाड्याने राहून आता बाहेर पडलोय. घर झक्कास होतं, हवा चांगली, मागे येऊरचा डोंगर, सोसायटीत सगळं. पण स्टेशनला जायचं म्हणजे आधी शेअर रिक्षाची लाइन, मग कापूरबावडी आणि माजिवड्याचा सिग्नल, मग कॅडबरी जंक्शन, मग स्टेशनच्या आधी पुन्हा जॅम, आणि एवढं करून लोकल पकडली की खरा प्रवास सुरू. फ्लॅटच्या जाहिरातीत "ठाणे स्टेशनपासून २० मिनिटे" लिहिलेलं असतं ते पहाटे पाचचं असावं.

आता मेट्रोचं. मेट्रो ४ वडाळा ते कासारवडवली, पुढे ४ अ गायमुखपर्यंत. गायमुखच्या बाजूच्या टप्प्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रायल रन झाली, खोटं नाही बोलत कोणी. पण एक गोष्ट दलाल सांगत नाही, ही मेट्रो ठाणे रेल्वे स्टेशनला येतच नाही. तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडा अशी हायवेच्या अंगाने जाते. स्टेशनला जोडणारी ती ठाण्याची अंतर्गत रिंग मेट्रो, २९ किमी, २२ स्टेशनं, तिला केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ मधली. तुमची मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा वापरेल कदाचित. तुम्हाला परळला जायचंय तर वडाळ्यापर्यंत सलग मेट्रो सुरू झाल्यावर विचार वेगळा, पण आज ईएमआय भरायचा तो आजच्या प्रवासाचा भरा.

उलवेकर :
सगळे मेट्रोला नावं ठेवतात, मग उलवे का नाही? उलव्याच्या खारकोपर स्टेशनपर्यंत ट्रेन नोव्हेंबर २०१८ ला आली, जानेवारी २०२४ ला थेट उरणपर्यंत गेली, त्याच दिवशी अटल सेतू. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानंही उडायला लागली. तुमच्या बजेटमध्ये नवीन २ बीएचके बघायला तरी मिळेल. रस्ते रुंद, हवा मोकळी.

घोडबंदर_रिटर्न :
त्या उरण लाइनच्या गाड्या किती वेळाने असतात ते पण लिहा की. वेळापत्रक पाठ करून घराबाहेर पडावं लागतं. आणि यांना परळ, ऐरोली जायचंय हो, दुबईला नाही.

उलवेकर :
गाड्या वाढतील. वाशीला १९९२ मध्ये हार्बरची पहिली गाडी आली तेव्हा तिथेही लोक हसतच होते. आज वाशीत घर घेऊन दाखवा.

गोखले_रोड :
वाशीचा दाखला सगळे देतात. नवी मुंबईची पहिली मेट्रो कोणी आठवत नाही. बेलापूर ते पेंधर, ११ किमी, काम सुरू झालं २०११ ला, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ ला. २०११ मध्ये "मेट्रो येतेय" ऐकून तळोज्यात घर घेतलं असेल त्याची मुलं एवढ्या वर्षांत एनएमएमटीची बस बघत मोठी झाली. थांबायची ताकद असेल तर घ्या, भाव वाढेलच. राहायला लगेच जायचं असेल तर चालू असलेल्या रुळाजवळ घ्या. एवढंच.

रच्याकने, धागाकर्त्यांनी नौपाडा, पाचपाखाडी बघितलं नाही ते बरं केलं, ८० लाखांत तिथे जिन्याखालची जागा मिळेल. ठाणे पूर्वेची कोपरी बघा. लोक "ईस्ट" म्हणून नाक मुरडतात पण प्लॅटफॉर्म दहा तिकडूनच जवळ, बाजार पायाखाली. इमारती जुन्या आहेत, लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नाही. आईंच्या गुडघ्यांसाठी पहिल्या मजल्याच्या वर बघू नका. लोकमान्य नगर, वागळे पट्टा मात्र स्टेशनहून चालत नाही, टीएमटीची बस किंवा रिक्षा. तिथे किसन नगरच्या बाजूला क्लस्टर डेव्हलपमेंट (जुन्या इमारती गटाने पाडून नव्या बांधायची योजना) चालू आहे, तेव्हा जी इमारत आवडेल ती क्लस्टरच्या आखणीत येते का ते आधी महापालिकेत विचारा, नाहीतर घरात राहायला गेलात आणि वर्षात सामान बांधायची वेळ.

पारसिककर :
कळवा राहिला बाजूला. मी पारसिक नगरला राहतो, आधी खारेगावला होतो, त्यामुळे जन्मापासून कळवेकरच म्हणा.

पहिलं, परळला जायचंय ना? परळला फास्ट थांबतच नाही. म्हणजे फास्टचं कौतुक तुम्हाला कामाचं नाही, दादरला उतरून पुन्हा स्लो पकडावी लागते. कळव्याहून स्लो पकडली की थेट परळ, गाडी बदलायची गरजच नाही, वेळ लागतो पण डोकं शांत. मुलुंड गेलं की बसायला मिळायची शक्यता, घाटकोपरला तर बऱ्यापैकी. फास्ट कळव्याला थांबते ती मोजकीच, त्यावरून आमची भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत, ती वेगळी. पण सकाळी आठनंतर कळव्याला चढणं हा स्वतंत्र कलाप्रकार आहे, कल्याण-डोंबिवलीकडून भरून आलेली गाडी असते, दारातले लोक हलत नाहीत. बरेच जण उलटे जाऊन कारशेडमधून निघणारी गाडी धरतात. तुम्ही डोंबिवलीचे, तुम्हाला नवीन नाही.

दुसरं, वहिनींचं ऐरोली. ट्रेनने जायचं तर ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बर. रस्त्याने विटाव्यावरून दिघा, ऐरोली, बस आणि शेअर रिक्षा दोन्ही आहेत आणि अंतर काहीच नाही. पण विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाऊस पडला की पाणी तुंबतं. मी स्वतः तिथे बसमध्ये अडकून पाणी पायरीपर्यंत येताना बघितलंय, कंडक्टर शांतपणे तिकिटाचे पैसे मोजत होता. पावसाळ्यातले ते दिवस घरून काम मागून घ्यायचे.

कळवा-ऐरोली थेट रेल्वे जोडमार्ग होणार हे पण वर्षांपासून ऐकतोय. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, बाकीचा जोड रखडलाय, कारण मध्ये वस्ती आहे आणि पुनर्वसन अडलंय. तो धरून घर घेऊ नका. झाला तर बोनस.

वस्ती म्हणाल तर नंबर एक. महापालिकेचं शिवाजी महाराज हॉस्पिटल कळव्यातच, मासळी फ्रेश, शाळा चालत. पारसिक नगर आणि खारेगावातल्या नव्या-जुन्या सोसायट्या ठीक, पण स्टेशनहून लांबच्या असतात, पायी जायचं तर चालून बघा. स्टेशनला चिकटून आणि डोंगराच्या उतारावर जे आहे त्यातलं बरंच कागदात बसत नाही, तिकडे स्वस्त दिसलं तरी वळू नका. २०१३ ला शिळ डायघरची लकी कंपाउंडची इमारत पडली, ७४ माणसं गेली, ती पण अशीच पटापट उभी केलेली होती.

घणसोलीची_पोर :
पारसिककर काका, कळव्याची एवढी वकिली करून शेवटी "पाणी तुंबतं" आणि "चढता येत नाही" हेच सांगितलंत की :)

आता आमच्या बाजूचं. मी घणसोलीत वाढले, लग्न होऊन पण इथेच. वहिनींसाठी घणसोलीसारखं काही नाही, रबाळे सोडून लगेच ऐरोली, दहाएक मिनिटं. पाणी नवी मुंबई महापालिकेचं, मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचं आहे, त्यामुळे नळाला पाणी असतं. हे ऐकायला साधं वाटतं पण खारघर, उलव्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावर किती वेळ जातो ते तिथल्या लोकांना विचारा. ते भाग या महापालिकेत येतच नाहीत, खारघर, कामोठे पनवेल महापालिकेत आहेत. "नवी मुंबई" पाटी सगळीकडे लावतात, पाणी कोण देतं ते विचारायचं असतं.

तोटा, परळ. घणसोलीहून ठाण्याला जाऊन स्लो पकडायची, नाहीतर वाशी-सानपाड्याला बदलून कुर्ला आणि तिथे परत बदला. रोज करणार का? दादांनी ठरवायचं.

आणि घणसोली म्हणजे एकच गोष्ट नाही. सेक्टरमधल्या सिडकोच्या वसाहती, घरोंदा वगैरे, माथाडींची सिम्प्लेक्स, त्यांच्या बाजूला खासगी सोसायट्या, आणि मग गाव. गावठाणातले "गरजेपोटी" बांधलेले फ्लॅट निम्म्या भावात दाखवतील, आत टाइल्स, फॉल्स सीलिंग सगळं चकाचक, लिफ्टपण असते. बांधकाम परवानगी नसते, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसते. मोठ्या बँका कर्ज देत नाहीत, मग दलालच कुठलीतरी पतपेढी शोधून देतो आणि व्याज बघून घाम फुटतो. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर २०१५ मध्ये हायकोर्टाने कारवाईचे आदेश दिले तेव्हा रस्त्यावर आलेली कुटुंबं आम्ही बघितलीत. त्यांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती.

तीन_टाकी :
घणसोलीच्या पोरीला +१. कोपरखैरणेकर म्हणून भर घालतो. तयार वस्ती पाहिजे तर आमच्यासारखी नाही, रात्री अकराला पण मेडिकल उघडं, प्रत्येक गल्लीत क्लास, पोळीभाजी केंद्र. पण छोट्या प्लॉटवरच्या माथाडी घरांवर मजले चढत गेलेत, गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूला गाड्या. पार्किंगवरून इथे शेजाऱ्यांची तोंडं बंद झालीत. गाडी आहे का तुमच्याकडे? असेल तर सोसायटीत ठरलेली जागा आहे का ते लेखी बघा, "कुठेही लावा" म्हणजे कुठेही नाही.

घर बघायला रात्री साडेनऊनंतर जा. दुपारी दलाल नेतो तेव्हा गल्ली रिकामी असते.

इंडेक्स_टू :
बँकेत गृहकर्जाच्या फायली बघण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. सगळे एरियावर बोलताय, मी कागदावर बोलतो. जुन्या वस्तीत एकाच गल्लीत दोन इमारती असतात, एकीला कर्ज मिळतं, शेजारचीला मिळत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते आधी विचारायचं, बघतो-देतो म्हणाले की समजून घ्यायचं. मग आधीच्या सगळ्या मालकांच्या करारांची साखळी, पहिल्या करारापासून, मधला एक जरी हरवला असला तरी बँकेचा वकील अडवतो आणि ते सव्यापसव्य विकणाऱ्यानेच निस्तरायचं असतं. शेअर सर्टिफिकेट मूळ, फोटोकॉपी नाही. सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे ठाण्यात फार महत्त्वाचं, जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर उद्या पुनर्विकासात सोसायटीचे हात बांधलेले. डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर सही करत नसला तरी सरकारी कार्यालयातून) करून घेता येतं, पण ते तुम्ही आत गेल्यावर कोण करणार? नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. तिथे घर विकताना सहसा सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं, ते कोण भरणार हे टोकन देण्याआधी ठरवा, नंतर त्याच्यावरून व्यवहार मोडताना पाहिलेत.

३० वर्षांच्या वरची इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा, कायद्याने करावंच लागतं. आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून बँक कर्जाची मुदत कमी करते. तुम्ही २० वर्षांचा ईएमआय धरून बसलात आणि बँकेने १२ वर्षं दिली तर हप्ता कुठल्या कुठे जातो, ते आधी बँकेत विचारा.

पैशाचं. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. घर ७२ लाखांचं धरलं तर ७२ हजार वाचतात. पण नवऱ्याचं नाव मालकीत नसेल तर हप्ते त्याने भरले तरी गृहकर्जाची आयकरातली वजावट त्याला मिळत नाही, दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत जाते. कागदावर मांडून बघा कुठे जास्त सुटतात. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजारांच्या वर घेता येत नाही, "देणगी" मागितली तर हसून पावती मागा. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो, विकणाऱ्याला पूर्ण रक्कम देऊन मोकळे होऊ नका. आणि टेप घेऊन जा, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. जुन्या करारात बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेला असतो आणि भाव मात्र कार्पेटचा (आतल्या वापरायच्या जागेचा) सांगतात.

चहा_साखर_कमी :
काका, वाचनखूण साठवली. याचा वेगळा धागा काढा.

गोखले_रोड :
इंडेक्स टू यांना अनुमोदन. एक भर, नुकताच रंग दिलेलं घर दिसलं की बाथरूमच्या मागची भिंत आणि छताचे कोपरे हाताने दाबून बघा. आमच्या इमारतीत एकाने घर विकायच्या आधी नवा रंग मारला, पहिल्या पावसात नव्या मालकाच्या डायनिंग टेबलवर पापुद्रे. वरचा म्हणतो माझ्याकडे काही गळत नाही. अजून पत्रव्यवहार चालू आहे.

भाड्याचं_घर :
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी दलाल फी घेऊन सांगत नाही. कालच्या सुट्टीत फिरून आलो, थोडं लिहितो.

कोपरीत एक घर आवडलं पण तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई पहिल्या मजल्यावरच कठडा धरून थांबली, "तुम्ही बघून या" म्हणाली. बाद. घोडबंदर आणि उलवे यादीतून काढले, घोडबंदर रिटर्न म्हणतात तसं आजच्या प्रवासाचाच हप्ता भरायचा ठरवलंय. उलवेकर, रागवू नका, आमच्या दोघांच्या ऑफिसच्या दिशाच वेगळ्या आहेत.

कळव्यात खारेगावच्या बाजूला एक जुना २ बीएचके बघितला. पहिला मजला, लिफ्टही आहे, बजेटच्या आत. स्टेशनला चालत गेलो, माझ्या पायाने १७ मिनिटं, आईला रिक्षा. घणसोलीत सेक्टरमधला १ बीएचके बघितला, स्टेशन अगदी जवळ, खाली भाजीवाली बसते, इमारतही नीट, पण हॉल एवढा लहान की सोफा टाकला तर जेवायला जागा नाही. बायकोला घणसोली, मला कळवा, आणि आईला काय वाटतं विचारलं तर म्हणते तुमचं तुम्ही बघा, म्हणजे तिला कळवा. खाली बागेत चार बायका बसल्या होत्या, तिथे ती आमच्याआधी जाऊन बसली.

घणसोलीची_पोर :
वहिनी आठवड्याला तीनच दिवस जातात, दादा रोज जातात. हिशोबाने कळवा. मी घणसोलीकर असून सांगतेय, नोंद घ्यावी.

पारसिककर :
वकिली सार्थकी लागली. १७ मिनिटं म्हणजे जून ते सप्टेंबर २५ धरा. आणि सकाळच्या गाड्या एकदा ऑफिसच्या दिवशी येऊन बघा, सुट्टीचा कळवा फसवतो.

तीन_टाकी :
वहिनींचा विटाव्याचा रस्ता पण ऑफिसच्या वेळेला करून बघू दे. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी करा आणि मग भांडा.

इंडेक्स_टू :
खारेगावच्या इमारतीचं कन्व्हेयन्स?

भाड्याचं_घर :
तेच विचारलं. सेक्रेटरी म्हणाले "प्रोसेसमध्ये आहे". कधीपासून विचारल्यावर चहा मागवला. ओसीची प्रत मात्र दाखवली, शिक्क्यासकट. मालकाकडे मधला एक करार मूळ नाही, झेरॉक्स आहे, म्हणतो मूळ आधीच्या बँकेतून आणायचा राहिलाय.

इंडेक्स_टू :
मग टोकन देऊ नका. मूळ करार बँकेकडे असेल तर त्याचं कर्ज फिटलंय का ते बघा, फिटलं असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवल्याचा कागद पाहिजे. ठाण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या कराराची प्रमाणित प्रत काढता येते, पण ती मूळची जागा घेते की नाही हे तुमच्या बँकेचा वकील ठरवेल. कन्व्हेयन्सबद्दल सोसायटीच्या गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक सभेची इतिवृत्तं मागा. विषय एकदाही सभेत आला नसेल तर "प्रोसेस" सेक्रेटरींच्या डोक्यात आहे. भावात तेवढं कमी करून मागायला हेच कारण पुरतं.

भाड्याचं_घर :
ओके काका. मालकाला मूळ करारासाठी पंधरा दिवस दिलेत, तोपर्यंत टोकन नाही. इतिवृत्तं रविवारी दाखवतो म्हणालेत सेक्रेटरी. घणसोलीचा सध्या हातात ठेवलाय, नाही म्हटलेलं नाही. बायको सोमवारी विटाव्यावरून जाऊन बघणारे.

तीन_टाकी :
पार्किंग विचारलंत का?